प्रश्नाला उत्तर, मागणीला बैठक

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, जिथे उन्हाळ्यात ऊन आणि हिवाळ्यात वारा न चुकता येतो, तिथे जावकबाईंचं टेबल होतं. बाहेरून आलेलं पत्र नोंदवायचं ते आवकचं काम, आणि त्याला उत्तर लिहून बाहेर पाठवायचं ते जावकचं. बाई बावीस वर्षं जावकला होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते वाचायची वेळ फक्त कॅशियरवर यायची. बाकी सगळ्यांच्या लेखी त्या जावकबाईच.

स्वभावाला साजेसं काम मिळायला नशीब लागतं, आणि ते बाईंच्या कपाळी होतं. लहानपणापासून त्यांना एक खोड होती. कुणी प्रश्न विचारला की त्या उत्तर द्यायच्या. यात खोड कसली, असं कुणालाही वाटेल. पण त्यांची आई बोलायची तीच मुळी प्रश्नांत. आई शाळेचे गणवेश शिवायची. मापाला पक्की आणि जिभेला तिखट. मुलगी खेळून उशिरा परतली की आई दारात उभी राहून विचारायची, "किती वाजले?" मुलगी आत डोकावून घड्याळ बघायची आणि सांगायची, "सव्वासात." लगेच पाठीत धपाटा. "हे घर आहे की धर्मशाळा?" "घर." दुसरा धपाटा. "तुला काय शिंगं फुटलीत?" मुलगी डोकं चाचपून म्हणायची, "नाही." तिसऱ्या धपाट्याच्या वेळी आईलाच हसू फुटायचं, आणि ते लपवायला ती मशीनकडे वळायची. "कसली गं ही कार्टी?" असं ती मशीनलाच विचारायची. मशीन बिचारं उत्तर देत नसे, म्हणून त्याला कधी मार बसला नाही.

पुढे नोकरी लागली ती नेमकी अशा ऑफिसात, जिथे नियमच होता: नागरिकाने पत्रात विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला पंधरा दिवसांत लेखी उत्तर. बाईंना हे माहेरी आल्यासारखंच वाटलं. पहिल्याच महिन्यात एका न्हाव्याचं पत्र आलं. दुकानासमोरचं गटार तुंबलं होतं आणि न्हावी पेटला होता. पत्रात चार प्रश्न होते, त्यातला शेवटचा असा: आम्ही काय जनावरं आहोत? बाईंनी सुवाच्य अक्षरात उत्तर पाठवलं, "आपल्या पत्रातील प्रश्न क्रमांक चारबाबत कळवण्यात येते की, नाही."

दुसऱ्या दिवशी न्हावी कागद नाचवत जिना चढून आला. वस्तरा दुकानात ठेवून आला, हे नशीब. आधी तो ओरडला, मग सगळं ऑफिस हसायला लागल्यावर त्यालाही हसू आलं, आणि शेवटी त्याने ते पत्र काचेत बसवून दुकानात टांगलं. आपण जनावर नसल्याचा सरकारी दाखला गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. गटार मात्र तुंबलेलंच राहिलं. चार प्रश्नांना चार उत्तरं गेली होती आणि फाइल बंद झाली होती, कारण गटार साफ करा असं न्हाव्याने कुठे लिहिलंच नव्हतं.

तेव्हाचे जावकमास्तर निवृत्तीला टेकले होते. त्यांनी बाईंना समोर बसवून पेन्सिल हातात दिली.

"आपल्याकडे एक रीत आहे, बाई. प्रश्नाला उत्तर, मागणीला बैठक. मागणी असेल तर पत्र समितीपुढे जातं. नुसते प्रश्न असतील तर उत्तर देऊन मिटवतात. म्हणून पत्र नीट वाचायला शिका. माणूस पत्रात तीनच गोष्टी सांगतो. एक, असं असं आहे. ते खरं की खोटं, जाऊन बघता येतं. त्याखाली सरळ रेघ मारायची. दोन, हे चांगलं, ते वाईट. ते जाऊन बघता येत नाही, पटावं लागतं. त्याखाली नागमोडी रेघ. तीन, असं असं करा. ते कुणीतरी बसून ठरवावं लागतं. त्याखाली दोन रेघा."

"आणि प्रश्न?"

"प्रश्न शर्टासारखा उलटा करून बघायचा. आतून या तिन्हींपैकीच काहीतरी निघतं. गटाराकडे कुणी बघितलं तरी का, म्हणजे कुणी बघितलं नाही. सरळ रेघ. आम्ही जनावरं आहोत का, म्हणजे आम्हाला वागवता ते वाईट आहे. नागमोडी."

"मग लोक सरळ लिहीत का नाहीत?"

मास्तरांनी जरा विचार केला. "सांगितलं तर सिद्ध करावं लागतं. मागितलं तर नकार ऐकावा लागतो. विचारलं की दोन्हींतून सुटका. शिवाय समोरच्याला गप्प बसवल्याचं समाधान वेगळंच."

बाई हे विद्यार्थिनीसारख्या शिकल्या आणि हळूहळू त्यात मास्तरांच्याही पुढे गेल्या. कुठलं वाक्य मत असून वस्तुस्थितीचा सदरा घालून आलंय, हे त्यांना लांबून ओळखू यायचं. "सर्वांनाच ठाऊक आहे की" अशी सुरुवात दिसली की त्या पेन्सिल आधी नागमोडी धरायच्या. साहेबांच्या टिपणांनाही त्या सोडत नसत, पण तिथल्या रेघा मनातल्या मनात मारायच्या. बाईंना नोकरी प्यारी होती.

घरी संध्याकाळी सहाला आई यायची. ती आता शहात्तर वर्षांची होती आणि कालव्याच्या पलीकडे, मशीन होतं त्याच खोलीत, एकटी राहायची. "माझ्याकडे राहायला ये" म्हटलं की ती विचारायची, "मला काय हातपाय नाहीत?" मधे कालवा, त्यावर लोखंडी पायपूल. आईच्या चालीने चार मिनिटं. यायची, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि साडेसातपर्यंत प्रश्न विचारायची. कांदा एवढा जाड चिरतात का? हे फडकं शेवटचं कधी धुतलं होतं? जावयाच्या शर्टाचं बटण मी मेल्यावर लावणार आहेस का? बाई कांदा चिरता चिरता उत्तरं द्यायच्या: हो, परवा, नाही, रविवारी. बाईंचे यजमान बस डेपोत मेकॅनिक होते. ते याला तोंडी परीक्षा म्हणायचे आणि ती सुरू झाली की पेपर घेऊन गॅलरीत सटकायचे. आई रोज आपल्या चुका काढायला येते, अशी बाईंची पक्की समजूत होती, आणि त्यांनी ती गोष्ट कधीच मनाला लावून घेतली नव्हती. काही आया गोड बोलायला येतात, आपली चुका काढायला येते. असते एकेकाची आई.

मग बांधकाम खात्याचं एक टिपण आलं. पायपूल जुना झाला आहे. त्याचा वापर नगण्य आहे. सबब तो काढून टाकणे योग्य. बाईंनी मनातल्या मनात रेघा मारल्या. जुना आहे, सरळ. वापर नगण्य आहे, ही दिसायला सरळ, पण मोजला कुणी? काढून टाकणे, दोन रेघा. नगण्य या शब्दापाशी त्यांची मनातली पेन्सिल अडली. पूल गेला तर रस्त्याच्या मोठ्या पुलावरून वळसा घ्यावा लागणार होता. धडधाकट माणसाला वीस मिनिटं. आईच्या गुडघ्यांना चाळीस, म्हणजे येऊन-जाऊन ऐंशी. ती हट्टाने आठ-दहा दिवस येईल, मग एक दिवस येणार नाही, आणि आपण का येत नाही हे ती कधी सांगणारही नाही. हे कळल्यावर बाईंना पाणी प्यावंसं वाटलं.

आईलाही बातमी लागली. आठवड्याभरात बाईंच्या टेबलावर एक अर्ज आला. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. एकेक अक्षर टाचल्यासारखं सरळ. खाली शेजाऱ्यांच्या सत्तावीस सह्या. आणि वर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, अकरा प्रश्न. मागणी एकही नाही. बाईंनी दोनदा शोधली. रीतीप्रमाणे या पत्राला उत्तर जाणार होतं, आणि समितीची बैठक आईचं नावही न ऐकता पूल काढून मोकळी होणार होती.

त्या संध्याकाळी बाईंनी चिरायचं थांबवलं. "आई, अर्जात मागणी लिही. पूल काढू नका, एवढं एकच वाक्य."

"मी काय भीक मागायला बसलेय?"

"नाही. पण आमच्याकडे प्रश्नाला उत्तर आणि मागणीला बैठक असते."

"एवढं वाचून त्यांना कळणार नाही, ते काय कुक्कुली बाळं आहेत?"

"नाहीत. पण कळलं तरी ते उत्तरच पाठवतील."

"मग दे की उत्तरं," आई म्हणाली. "बघू या तुमचं ऑफिस काय दिवे लावतंय."

दुसऱ्या दिवशी बाई अर्ज घेऊन हेडक्लार्ककडे गेल्या. हेडक्लार्क म्हणजे अबोल माणूस. चष्मा कपाळावर आणि कायम तो शोधणारा.

"साहेब, हा अर्ज माझ्या आईचा आहे. दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं कोण आहे?" हेडक्लार्क म्हणाले. बाई सांगणार होत्या की कुणी नाही, पण त्यांनी आवरलं. "तुम्हीच लिहा. आईचा आहे म्हणून एक अक्षर जास्त नको आणि कमीही नको."

बाईंनी तसंच केलं. दहा दिवस त्या अकरा प्रश्नांच्या मागे लागल्या. पहिला प्रश्न होता: साहेब, तुम्हाला आई आहे का? कुठल्याही क्लार्कने तो हसून सोडून दिला असता. बाई वही घेऊन बांधकाम खात्याच्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"बाई, अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं असतं का?"

"मी विचारलेला नाही, साहेब. पण नियम आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आहे. धाकट्या भावाकडे असते. पाच-सहा महिने झाले, जाणं झालं नाही."

"पाच-सहा महिनेही लिहू का?"

"नको. आहे, एवढंच लिहा."

"दुसरा प्रश्न. तुम्ही या पुलावरून कधी चाललात का?"

"नाही," ते म्हणाले.

तिसऱ्या प्रश्नासाठी बाई तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये जाऊन नाकातोंडात धूळ घेऊन आल्या. उत्तरांचं पत्र तयार झालं तेव्हा ते दीड पानाचं होतं. पूल पडेल असं कुणी तपासलं का? शेवटची तपासणी नऊ वर्षांपूर्वी झाली असून तीत पूल मजबूत आढळला होता. त्यानंतर तपासणी नाही. रोज किती माणसं जातात हे कुणी मोजलं का? नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी काय उडत जायचं? उडत जाणे अपेक्षित नाही. आम्ही तुम्हाला दिसत नाही का? या कार्यालयाच्या खिडकीतून पूल दिसत नाही. असं करत करत बाई अकराव्या प्रश्नाशी आल्या. म्हातारीने लेकीकडे जायचं तरी कसं?

तो प्रश्न त्यांनी दोन दिवस तसाच ठेवला. मोठ्या पुलावरून, असं लिहिता आलं असतं. ते खरंही होतं आणि खोटंही. शेवटी त्यांनी लिहिलं, "या प्रश्नाचे उत्तर या कार्यालयाकडे नाही."

हेडक्लार्कनी कपाळावरचा चष्मा खाली घेऊन पत्र वाचलं. "सगळं खरं आहे?"

"एकेक तपासलंय."

"साहेबांना आवडणार नाही."

"ते नागमोडी झालं," बाई म्हणाल्या.

हेडक्लार्कना रेघांची भाषा मास्तरांच्या वेळपासून ठाऊक होती. त्यांनी सही केली आणि शिक्काही स्वतःच मारला.

आता गंमत अशी की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराची सवय नसते. आईने पत्र पुलाच्या तोंडाशी उभं राहून शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. इतके दिवस जे नुसतं टोमणा म्हणून बोललं जात होतं, ते आता नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी कागदावर होतं. मोजलेलं नाही. तपासलेलं नाही. साहेब या पुलावरून चाललेले नाहीत. न्हाव्याचं दुकान त्याच बाजूला होतं. तो म्हणाला, "आजी, त्यांनी मोजलं नसेल तर आपण मोजू." दुसऱ्या दिवशी आई उजाडल्यापासून पुलाच्या टोकाला स्टूल टाकून बसली आणि शिलाईच्या खडूने कठड्यावर पाच-पाचच्या रेघा ओढत राहिली. अंधार पडेपर्यंत सहाशे अठरा माणसं झाली. कुत्री धरली नव्हती.

पण दुसऱ्या संध्याकाळी ती लेकीकडे आली ती रागातच. स्टुलावर बसलीसुद्धा नाही.

"उत्तर नाही म्हणे. आईला असं लिहितात?"

"हो," बाई म्हणाल्या. "नव्हतं म्हणून लिहिलं."

"एवढी घोडी झालीस, तुला न सांगता कळत नाही?"

बाईंनी सुरी खाली ठेवली. या प्रश्नाला उत्तर नको असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी दिलं, कारण ते खरं होतं. "नाही कळत, आई. मला कधीच कळलं नाही. तू मला जन्मात काही सांगितलंच नाहीस गं. सगळं विचारलंस. मी बापडी उत्तरं देत राहिले. तुला काय हवंय ते एकदा सांग ना."

आईने ओट्यावरचं फडकं उचललं, झटकलं, घडी करून ठेवलं आणि साडेसात वाजायच्या आधीच निघून गेली. फडक्याबद्दल तिने काही विचारलं नाही, याचीच बाईंना जास्त काळजी वाटली.

चार दिवसांनी दुसरा अर्ज आला. अर्धंच पान. पुलावरून एका दिवसात सहाशे अठरा माणसं गेली, आम्ही मोजली. आपल्याच कार्यालयाच्या पत्राप्रमाणे पूल मजबूत आहे. तो काढू नये, त्याची डागडुजी करावी. बाईंनी शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. अर्ज बैठकीला गेला.

बैठकीत जावकबाईंची जागा कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी असे. इतिवृत्त लिहायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, हे काम त्यांचंच. मोठ्या टेबलाभोवती अध्यक्ष, पाच सभासद, हेडक्लार्क आणि बांधकामाचे साहेब. आई दाराजवळच्या खुर्चीत, इस्त्री केलेल्या कपड्यांत, हातात पिशवी घट्ट धरून. बाईंनी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

साहेबांना बोलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वापर नगण्य, हे मी पाहून लिहिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात दोनदा त्या पुलावरून चाललो. तो शब्द मी मागे घेतो." खोलीत जरा चुळबुळ झाली. साहेबलोक शब्द मागे घेतात, हे कुणाला सवयीचं नव्हतं.

मग अध्यक्ष आईकडे वळले. "आजी, अर्ज वाचला आम्ही. तोंडी काही सांगायचंय का?"

आता अकरा प्रश्न येणार, असं बाईंना वाटलं. त्यांनी पेन सरसावलं. आई उभी राहिली. तिचे ओठ हलले, पहिला शब्द तोंडाशी आला आणि तिने तो गिळला.

"माझी मुलगी पलीकडे राहते," आई म्हणाली. "संध्याकाळी सहा ते साडेसात मी तिच्या स्वयंपाकघरात बसते. दिवसातला तेवढाच वेळ मला बरा वाटतो. तो काढून घेऊ नका."

आणि ती खाली बसली.

बाईंचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. इतकी वर्षं आई रोज चुका काढायला येते असं त्या धरून चालल्या होत्या, आणि तिचा एकही प्रश्न त्यांनी कधी उलटा करून बघितला नव्हता. मास्तरांची सगळी विद्या ऑफिसात ठेवून त्या घरी जात होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं. हेडक्लार्क हळूच म्हणाले, "बाई, लिहा." बाईंनी लिहिलं.

पुढचं लवकर आटोपलं. पूल काढायचा नाही, तपासून डागडुजी करायची, असं ठरलं. विरोधात एक हात वर आला होता, तो सभासद नंतर म्हणाला की त्याला खिडकी उघडायला सांगायची होती. मग रीतीप्रमाणे बाई इतिवृत्त वाचायला उभ्या राहिल्या. इतिवृत्तात कुणी मी नसतं. मीचा अर्जदार करावा लागतो. बावीस वर्षं त्या ते एका सुरात वाचत आल्या होत्या.

"अर्जदाराची मुलगी पलीकडे राहते. संध्याकाळी सहा ते साडेसात अर्जदार तिच्या स्वयंपाकघरात बसतात. दिवसातला तेवढाच वेळ..." इथे बाईंना थांबावं लागलं. कुणी घाई केली नाही. बांधकामाचे साहेब टेबलाकडे बघत होते. "दिवसातला तेवढाच वेळ अर्जदारास बरा वाटतो. तो काढून घेऊ नये."

अध्यक्षांनी विचारलं, "आजी, तुमचं म्हणणं बरोबर नोंदवलंय का?"

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा दाराकडे बघितलं. आई त्यांच्याकडेच बघत होती.

"हो," आई म्हणाली. "तसंच आहे."

बाईंनी तेही लिहून घेतलं.